अस्थिमज्जा तपासणीची सेवा: मोजणी चोख, जोडणी अपुरी

वडिलांचे हिमोग्लोबिन औषधे घेऊनही वर येईना, तेव्हा रक्तविकारतज्ज्ञांनी अस्थिमज्जेची तपासणी करायला सांगितली आणि नमुना त्यांनीच सुचवलेल्या प्रयोगशाळेत गेला. त्या प्रयोगशाळेच्या सेवेचा हा अभिप्राय आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्यांवर तिची बाजू येथे मांडली जाणार नाही.

अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात नमुन्याचा दर्जा लिहिलेला होता: मज्जेचे कण पुरेसे, रक्ताची भेसळ अल्प. ही ओळ बहुतेक नातेवाईक ओलांडून पुढे जातात, पण नंतरचे सगळे आकडे तिच्याच भरवशावर असतात. सुईने मज्जा ओढताना पहिल्या ओढीनंतर रक्त अधिक येऊ लागते आणि असा पातळ झालेला नमुना स्लाइडवर घेतला, तर ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी, प्रत्यक्षाहून कमी दिसतात. त्यापुढे ५०० पेशी मोजल्याचे आणि त्यांत २६ ब्लास्ट, म्हणजे ५.२ टक्के, आढळल्याचे स्पष्ट लिहिले होते. नुसते ‘ब्लास्ट वाढलेले’ असे लिहून मोकळे होणे सोपे होते. तसे केलेले नाही, हे या सेवेचे मोठे श्रेय.

पेशींच्या विकृतीचे वर्णनही नेमके होते. लाल पेशींच्या काही पूर्वपेशींत दोन केंद्रके, काही न्यूट्रोफिलमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत, केंद्रकाचे दोनच खंड आणि कणिका तुरळक, प्लेटलेट तयार करणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशी नेहमीपेक्षा लहान, आणि लाल, पांढऱ्या व प्लेटलेटच्या अशा प्रत्येक वंशातील विकृत पेशींचे प्रमाण वेगळे दिलेले. कारण एखाद्या वंशातील किमान १० टक्के पेशी विकृत असल्या, तरच ती विकृती मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या, म्हणजे मज्जेत रक्तपेशी सदोष घडण्याच्या आजाराच्या, निदानासाठी धरली जाते. शिवाय अहवालावर सही करण्यापूर्वी पॅथॉलॉजिस्टनी डॉक्टरांना फोन करून बी१२ आणि फॉलिक अॅसिडची पातळी विचारून घेतली. या दोहोंच्या किंवा तांब्याच्या कमतरतेमुळे, तसेच काही औषधांमुळेही, पेशी अशाच विचित्र दिसू शकतात, त्यामुळे ही चौकशी मला फार मोलाची वाटली.

तक्रार आहे ती यानंतरच्या कामाबद्दल. फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींवरील खुणा यंत्राने ओळखणाऱ्या तपासणीचा, अहवाल स्वतंत्रपणे आला आणि त्यात सीडी३४ ही अपरिपक्व पेशींवरची खूण असलेल्या पेशी ३.१ टक्के होत्या. एकाच मज्जेचे दोन आकडे पाहून घरात आजार कमी झाल्याचा समज झाला. वास्तविक सगळ्याच ब्लास्ट पेशींवर सीडी३४ असते असे नाही, आणि फ्लोसाठी पुष्कळदा नंतरच्या ओढीचा, रक्त मिसळलेला नमुना जातो. म्हणून वर्गीकरणासाठी स्लाइडवरची मोजणीच ग्राह्य धरतात. हे सांगणारे एक वाक्य अहवालात असते, तर डॉक्टरांच्या भेटीपर्यंतची तगमग टळली असती.

गुणसूत्रांचा अहवाल सर्वांत शेवटी आला. गुणसूत्रे सामान्य होती. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमची तीव्रता मात्र यांपैकी कोणत्याच कागदावर नव्हती; २०१२ च्या आयपीएसएस-आर या गुण देऊन धोका ठरवणाऱ्या पद्धतीने ती डॉक्टरांनी आमच्यासमोर काढली. सामान्य गुणसूत्रांना १ गुण, ८.६ हिमोग्लोबिनला १, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल ठीक असल्याने शून्य, ५ ते १० टक्क्यांमधील ब्लास्टना २. एकूण ४, म्हणजे मध्यम धोका. २६ च्या जागी २४ ब्लास्ट मोजले गेले असते, तर प्रमाण ४.८ टक्के, गुण १, बेरीज ३ आणि गट कमी धोक्याचा झाला असता. दोन पेशींनी गट बदलतो, हे कळल्यावर ‘५०० पेशी मोजल्या’ या ओळीचे वजन उमगते, आणि सीमारेषेवरच्या आकड्याकडे डॉक्टर एवढ्या सावधपणे का पाहतात तेही. पण तिन्ही अहवाल एकाच प्रयोगशाळेचे असताना ते एकत्र वाचून शेवटी चार ओळींचा निष्कर्ष देणे अवघड नसावे. त्याऐवजी ब्लास्टचा आकडा तेवढा लाल ठळक अक्षरांत छापलेला होता. घाबरवण्यापलीकडे त्याचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्यासाठी मूळ स्लाइड आणि हाडाच्या तुकड्याचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला नमुना, मागितला, तेव्हा लेखी अर्जावर दोन्ही विनातक्रार मिळाले. मोजणी आणि वर्णन यांसाठी मी ही प्रयोगशाळा निःसंकोच सुचवीन. मात्र तिचे अहवाल सुटे सुटे वाचू नयेत, तिन्ही हाती आल्यावरच डॉक्टरांची वेळ घ्यावी.