नग साडेआठ रुपयांचा, खड्डा ९,४०० रुपयांचा: बनावट ७८०५ पासून सावध राहा

गोव्यात डिचोलीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. कुळागरांतल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतल्या, पंपांसाठी पाण्याच्या पातळीवर चालणारे कंट्रोलर मी स्वतः बनवून देतो. त्यात १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला ७८०५ हा छोटा व्होल्टेज रेग्युलेटर लागतो.

मुंबईच्या एका विक्रेत्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर ३०० नग मागवले. ८.५० प्रमाणे २,५५० रुपये, कुरिअरचे १२०, पैसे आधी. "बिल हवं तर जीएसटी वर पडेल," म्हणाला. बिल घ्याच, मंडळी. ते १८ टक्के वाचवू नका.

माल आला. मीटर लावला, ५.०२ व्होल्ट. उत्तम! पण हे रीडिंग लोड नसतानाचं, म्हणजे आउटपुटला काहीच जोडलेलं नसतानाचं. विकणाऱ्यालाही ठाऊक असतं की बहुतेक जण एवढंच तपासतात. एक रिले (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) ओढला की तोच नग ४.३ वर यायचा. तुम्ही म्हणाल, कपॅसिटर बघ. बघितले, बदलले. ग्राउंडचा पाय सुटला की आउटपुट वर चढतं, म्हणून सोल्डरिंगही पुन्हा केलं. इनपुट १२ च्या खाली जात नव्हतं. लोड २५० मिलीअँपिअर, म्हणजे उष्णता पावणेदोन वॉट, आणि उष्णता काढून घेणारी धातूची पट्टी, हीटसिंक, लावलेला. अस्सल ७८०५ एवढ्याने डगमगत नाही. फारच तापला तर स्वतःहून बंद पडतो. हे नग बंद पडत नव्हते, आतून शॉर्ट होत होते. आउटपुटला थेट ११.६ व्होल्ट! कंट्रोलरचा मेंदू असलेल्या, साडेपाच व्होल्टपर्यंतच्या अ‍ॅटमेगा चिपचं काय होणार? अशा ११ चिप जळाल्या, २३० प्रमाणे २,५३० रुपये.

साखळी गावच्या एका कुळागरात तर कंट्रोलर मेला तेव्हा रिले चिकटलेलाच राहिला. मे महिना, विहिरीत पाणी तळाला. मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली. "तुझ्या मशीनवर विसंबून आम्ही घरची सगळी लग्नाला गेलो रे," एवढंच ते काका म्हणाले. वाइंडिंगचे ४,२०० मी भरले. एकूण ९,४००.

खूण समोरच होती, याचाच संताप होतो. पॅकिंगच्या एकाच नळीतले नग, सगळ्यांवर एकच डेट कोड (कधी बनवला त्याचा आकडा), पण काहींच्या अंगावर साच्याचा गोल खळगा आणि काही सपाट. एकाच लॉटचा माल दोन साच्यांतला कसा? मी ते पाहिलंही होतं. पण हाताखाली माणूस नाही, गिऱ्हाईक दारात उभं, साडेआठ रुपयांचा नग भिंगाखाली कोण धरतं? नंतर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर अक्षरं पुसून काळा रंग बोळ्यावर आला. पकडीने एक नग फोडला, जुन्या टीव्हीच्या बोर्डवरचा अस्सलही फोडला. बनावटाच्या आतली सिलिकॉनची चकती अस्सलच्या निम्मीही नव्हती.

विक्रेता म्हणाला, "तुमच्याच सर्किटमध्ये फॉल्ट आहे." मग ब्लॉक केलं.

पोलीस ठाण्यात विचारलं, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" मी दोन्ही फोडलेले नग टेबलावर ठेवले. साहेबांनी पाहिलंसुद्धा नाही. "मुंबईत तक्रार करा." दुकान बंद ठेवून मी मुंबईला जायचं? दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही. साफ खोटं! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणाची धरत नाहीत. शिवाय तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. हे त्या खुर्चीतल्या माणसाला मी शिकवायचं? पगार कशाचा घेतात हे लोक?

नवा लॉट आला की २० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर आउटपुटला लावा, हीटसिंकसकट पंधरा मिनिटं चालू ठेवा. व्होल्टेज ४.८ ते ५.२ मध्येच राहिलं पाहिजे. तोवर अ‍ॅटमेगा चिप सॉकेटमध्ये बसवू नका.

जिल्हा ग्राहक आयोगासाठी मी कागद तयार करतोय. ज्यांना असाच माल मिळालाय त्यांनी नळ्या, कुरिअरचं पाकीट आणि यूपीआयची पावती फेकू नये, चॅट डिलीट करू नये.