एसी कॉइलवरचे गंजरोधक लेप : निळी फिन, फवारा आणि बुडवून दिलेला इपॉक्सी

समुद्राजवळ एसीच्या बाहेरच्या कॉइलला गंज पाचवीलाच पुजलेला असतो, त्यामुळे ‘गंजरोधक लेप’ ही जाहिरातीतली ठळक ओळ झाली आहे. या एकाच नावाखाली निळ्या किंवा सोनेरी फिनची (नळ्यांवर बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची) कॉइल, नंतर मारून घेतला जाणारा फवारा आणि तयार कॉइल बुडवून दिलेला इपॉक्सी (कडक होणाऱ्या राळेचा) लेप अशा तीन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. त्या पाहताना लेप कुठे पोहोचलेला नाही, हे आधी तपासावे, असे माझे मत आहे.

निळ्या फिनचा लेप अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर आधीच चढवलेला असतो. पत्रा नंतर कापला जातो आणि तांब्याच्या नळीसाठी त्याला भोके पाडली जातात. साहजिकच कापलेल्या कडा उघड्या राहतात आणि नळीभोवतीच्या कॉलरवरही, म्हणजे भोकाच्या वळवलेल्या काठावरही, लेपाचा भरवसा नसतो. खारट ओल नेमकी तिथे साचते आणि तांब्याला टेकलेले अ‍ॅल्युमिनियम, दोन्हींत अधिक क्रियाशील असल्यामुळे, झिजू लागते. वापरलेली अशी एक कॉइल मी निरखून पाहिली, तेव्हा फिनचा दर्शनी भाग निळाशार होता. कडेला नख लावताच मात्र पांढरी भुकटी हातात आली. कॉलर सैल झाली की नळीतली उष्णता फिनपर्यंत नीट जात नाही, कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो आणि गॅसगळती होण्याच्या कितीतरी आधी विजेचे बिल फुगते. शिवाय पुष्कळ निळ्या फिनवरचा पातळ थर मुळात पाण्याचे थेंब फिनमध्ये न अडकता पसरून निथळावेत यासाठी असतो. घरातल्या कॉइलवर तो उपयोगी आहे, पण त्याला चिलखत म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. सोनेरी रंगाचेही तेच; रंग हे काही प्रमाण नव्हे, म्हणून लेपाचे रसायन आणि मायक्रॉनमधली (मिलिमीटरच्या हजाराव्या भागातली) जाडी विचारावी.

फवाऱ्याचे यश मारणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. कॉइल नवी असेल, आणि धुऊन, पूर्ण वाळवून, दोन्ही बाजूंनी पातळ थर दिला, तर अ‍ॅल्युमिनियमचे कण मिसळलेला पॉलियुरेथेनचा लेप समाधानकारक ठरतो. जुन्या कॉइलवर मात्र तो आतले क्षार झाकून टाकतो आणि गंज खालून चालूच राहतो. नळ्यांच्या दोन-तीन ओळी असलेल्या जाड कॉइलच्या मध्यापर्यंत तर फवारा क्वचितच पोहोचतो.

खाऱ्या हवेसाठी माझी पसंती बुडवून दिलेल्या लेपाला आहे. या पद्धतीत संपूर्ण कॉइल टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने इपॉक्सीचे कण धातूवर ओढले जातात आणि मग ती भट्टीत भाजली जाते. त्यामुळे कडा, कॉलर आणि नळीची वळणेही झाकली जातात. थर साधारण १५ ते ३० मायक्रॉनचा असल्याने थंडाव्यात फारसा फरक पडत नाही. उणिवा दोन आहेत : उन्हात इपॉक्सी खडूसारखा भुरभुरतो, म्हणून बाहेरच्या युनिटसाठी वर अतिनील किरणांना टिकणारा थर हवा, आणि युनिट जोडताना नंतर ब्रेझिंग केलेले (धातू वितळवून जोडलेले) सांधे उघडे राहतात, ते वेगळे झाकून घ्यावे लागतात. अर्थात हा लेप खरेदीच्या वेळीच मागावा लागतो.

मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत इतके तास टिकला, या दाव्याने हुरळून जाऊ नये. एएसटीएम बी११७ या प्रमाणित चाचणीत ५ टक्के मिठाच्या द्रावणाचा फवारा ३५ अंश सेल्सिअसला अखंड चालू असतो. प्रत्यक्षात कॉइल भिजते, वाळते, तापते, त्यामुळे त्या तासांची वर्षे करता येत नाहीत. दोन लेपांची तुलना करण्यापुरती ती चाचणी ठीक आहे, तीही नमुना सपाट पट्टीचा होता की आख्ख्या कॉइलचा, हे विचारूनच.

समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत निळी फिन पुरेशी आहे. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. लेप कोणताही असो, कॉइल साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवावी. तीव्र आम्ल किंवा अल्कली असलेले क्लीनर लेपच खातात, आणि सर्व्हिसिंगला आलेला माणूस ते न विचारताच वापरण्याची शक्यता असते, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवावे.