कर्बोदकं कमी करावीत की स्निग्ध पदार्थ?
पहिल्याच आठवड्यात वजनकाटा दीड-दोन किलो खाली येतो आणि कमी कर्बोदकांचा, भरपूर स्निग्ध आहार जिंकल्यासारखा वाटतो. पण त्यात बरंचसं पाणीच असतं: ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी निघून जातं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या 609 जणांवरील अभ्यासात वर्षभरात या आहाराने सरासरी 6 किलो उतरले, कमी स्निग्ध आहाराने 5.3, फरक नगण्यच. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र वाटा वेगळ्या. पहिल्यात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वाढतं. दुसऱ्यात एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उतरतं. एलडीएल आधीच जास्त असेल तर माझ्या मते दुसराच बरा. आणि इन्सुलिन घेत असाल, तर कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदकं तोडू नका. डोस तोच राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.