पेंटेल पॉकेट ब्रश पेन: महिनाभराच्या अर्कचित्रांना पुरतं का?

पेंटेलचं पॉकेट ब्रश पेन मार्कर समजून विकत घेणारे पहिल्याच चित्रात वैतागतात. याच्या टोकाला फेल्टचा ठोकळा नाही, नायलॉनचे सुटे केस आहेत आणि मागे शाईची नळी, म्हणजे कार्ट्रिज. थोडक्यात, दौत पोटात घेऊन फिरणारा ब्रश. नुसतं टेकवलं की केसाएवढी रेघ, दाबलं की जाड पट्टा, आणि मनगट कचरलं तर तेही कागदावर उमटतं. अर्कचित्रांसाठी हे पेन अव्वल आहे. कॉमिक्ससाठी अर्धं कामाचं. अक्षरांसाठी घेऊच नका.

नवीन कार्ट्रिज बसवल्यावर शाई लगेच उतरत नाही. टोक खाली करून पेन पाचेक मिनिटं ग्लासात उभं ठेवा, नीट काळी रेघ यायला कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो. झटकू नका, झटकलेली शाई टोपणात साठते आणि पुढच्या वेळी बोटांवर येते. पहिल्या काही रेघा फार ओल्या असतात, त्या रद्दी कागदावर ओढून टाका. केस फाकतात ते बहुतेक वेळा टोपण तिरकं लावल्यामुळे. टोक वर धरून, सरळ आणि सावकाश लावायचं. एखादा केस बाहेर आलाच तर ओढू नका, शेजारचेही सैल होतात. नेलकटरनं मुळाशी कापा. पेन महिनाभर पडून सुकलं तर टोक कोमट पाण्यात बुडवून ठेवा. पाणी कढत नको, नायलॉन वाकडं होतं आणि टोक पुन्हा जुळत नाही.

शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची आहे. पूर्ण वाळली की वरून जलरंग फिरवता येतो. ‘पूर्ण’ या शब्दावर मात्र सगळं अवलंबून आहे. ब्रिस्टल नावाच्या गुळगुळीत जाड कागदावर शाई वर बसून राहते आणि जिथे रेघ जाड तिथे दहा मिनिटांनीही तळहाताला लागते. १५० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम वजनाच्या) आसपासचा साधा कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा किंचित खरबरीत कागद, या पेनला उत्तम: शाई धरतो आणि ब्रश जोरात ओढला की खरखरीत, तुटक पोतही देतो. दाढी, खादी, लोकरी टोपी यांना तो पोत फार शोभतो. झेरॉक्सच्या ७५ जीएसएम कागदावर फक्त सराव करा. हातकागदाचे तंतू मात्र टोकात अडकतात आणि पुढच्या रेघेला शेपूट जोडतात.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती रबरानं. खालची पेन्सिल खोडताना पिगमेंटही थोडं उचललं जातं आणि गडद काळा राखाडी होतो. उपाय दोन: पेन्सिल एचबीऐवजी २एच, अगदी हलक्या हातानं; किंवा फिकी निळी पेन्सिल, म्हणजे खोडायलाच नको, स्कॅन केल्यावर निळा काढून टाकायचा. स्कॅन ६०० डीपीआयला करा. चित्र ए-४ वर काढून छापताना निम्मं केलं की हाताची थरथर बरीचशी झाकली जाते.

आता महिनाभराच्या चॅलेंजविषयी. अमेरिकन चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ मध्ये इंकटोबर सुरू केला तो स्वतःचं इंकिंग, म्हणजे शाईचं रेखाटन, सुधारण्यासाठी: ऑक्टोबरात रोज एक चित्र, शाईनं. २०१६ पासून रोजच्या शब्दांची अधिकृत यादीही निघू लागली. शैली सापडावी म्हणून लोक ३१ वेगवेगळे विषय घेतात, आणि इथेच गफलत होते. या पेनचा स्वतःचा एक नखरा आहे. रेघेच्या शेवटी ते चाबकासारखी निमुळती शेपूट सोडतं. दिसते झोकदार, पण ती पेनची असते, तुमची नव्हे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची चित्रं एकाच हातची वाटतात ती त्यामुळेच. रोज नवा विषय असला की माणूस त्या शेपटीवर निभावून नेतो.

त्यापेक्षा एकच चेहरा सात दिवस घ्या. उदाहरणार्थ पु. ल. देशपांडे. पहिल्या दिवशी जो तो चष्मा आणि पुढचे दात काढतो आणि चित्र ओळखू येतं. ओळखू येतं ते खुणांमुळे, चेहऱ्यामुळे नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी चेहरा चष्म्याशिवाय, चौथ्या दिवशी ओठ मिटलेले. आता गाल, वरच्या ओठाची ठेवण, कपाळ आणि चेहऱ्याचा खालचा भाग यांचं प्रमाण बघावंच लागतं. मोठ्या कागदावर जाण्याआधी तीन-तीन सेंटिमीटरचे पाच ठोकळे दहा मिनिटांत काढा, फक्त डोक्याचा बाह्याकार आणि डोळे-नाकाचा इंग्रजी ‘टी’. नियम साधा: एकीकडे जागा वाढवली की दुसरीकडे घटवायची. नाक लांबवून हनुवटीही तेवढीच ठेवली तर चेहरा अतिशयोक्त होत नाही, नुसता ताणला जातो. सातवं चित्र झालं की सगळी जमिनीवर मांडा. कानाचा आकार तुम्ही कसा आटोपता, नाकपुडीचा आकडा कुठल्या बाजूनं टाकता, हे सातही वेळा तसंच आलं असेल तर ती तुमच्या हाताची सवय. तिला जपा. बाकी बरंचसं उसनं निघतं.

ब्रश शैली देत नाही याचा पुरावा मुंबईतच आहे. आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे दोघे ब्रशवाले, दोघांनी फ्री प्रेस जर्नलमध्ये काम केलेलं, ब्रिटनमध्ये गाजलेले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या चित्रांचं दोघांनाही आकर्षण. तरी एकाची रेघ दुसऱ्याची म्हणून खपणार नाही. उलट मारिओ मिरांडांसारखं बारीक रेघांनी भरलेलं, पानभर गर्दीचं चित्र डोक्यात असेल तर हे पेन घेऊ नका. एकसारख्या बारीक समांतर रेघा यातून येत नाहीत. दहावी रेघ जाड होतेच. तिथे टाक किंवा ०.१चा फाइनलायनर, म्हणजे एकसारखी बारीक रेघ देणारं पेन.

तरुण आणि गुळगुळीत चेहरे हा आणखी एक खड्डा. ब्रशची प्रत्येक खूण सुरकुती म्हणून वाचली जाते. नाकाच्या बाजूला दोन रेघा जास्त पडल्या की कॉलेजातली मुलगी थेट आजीबाई. बाह्यरेघ जाड, आतल्या खुणा केसाएवढ्या, गालावर काहीच नाही, आणि काळा रंग सगळा केसांत.

कॉमिक्सची पट्टी काढताना अडचण आकाराची येते. सहा सेंटिमीटरच्या चौकटीत चेहरा जेमतेम दीड सेंटिमीटरचा, त्यात डोळा म्हणजे ठिपका. तो ठिपका या पेननं कधी डोळा होतो, कधी डाग. शरीर, कपड्यांच्या चुण्या आणि सावल्या ब्रशनं, चेहरे ०.३च्या फाइनलायनरनं, अशी वाटणी करा. चौकटीच्या रेघांना मोजपट्टी उलटी धरा, उतरती कड खाली, नाहीतर शाई पट्टीखाली ओढली जाते.

संवाद तर नकोच. देवनागरीची शिरोरेघ ब्रशनं ओढली की दोरीवरच्या कपड्यांसारखी झोके खाते, आणि कापलेल्या बोरूची जाड-बारीक ठेवण गोल टोकातून येत नाही. दुसरी चूक संवादाच्या फुग्याची. इंग्रजी कॉमिक्स बघून आधी फुगा काढला जातो, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. आधी मजकूर लिहा, दोन ओळींत अक्षराच्या उंचीएवढी जागा सोडा, फुगा शेवटी.

खर्चाचं म्हणाल तर पेन एकदाच घ्यायचं असतं, कार्ट्रिज खिसा कापतात. मोठे काळे भाग पेननं भरणं म्हणजे अत्तरानं अंगण सारवणं. ते बाटलीतल्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकनं आणि साध्या ४ नंबर ब्रशनं भरा. रिकामं कार्ट्रिज सिरिंजनं पुन्हा भरता येतं, फक्त ती बाटलीतली शाई त्यात घालू नका. अशा शाईत बहुधा लाख असते, आत सुकली की शाईची वाट कायमची बुजते आणि कोमट पाण्यालाही दाद देत नाही. फाउंटन पेनसाठी बनवलेली पिगमेंट शाईच घाला, आणि कार्ट्रिज काठोकाठ भरू नका.