डीबीगॅप: डेटा मिळतो, पण रीतसर मागावा लागतो

आजार आणि जनुकं यांवर काम करणाऱ्याला कधी ना कधी डीबीगॅपची पायरी चढावीच लागते. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं हे भांडार. लाखो माणसांची जनुकीय माहिती आणि तब्येतीच्या नोंदी. पैसे लागत नाहीत, अर्ज लागतो.

मला सर्वांत आवडतं ते अर्जाआधीचं. अभ्यासात किती माणसं होती, रक्तदाब कसा मोजला, प्रश्नावलीत काय विचारलं, हे सगळं लॉगिन न करता वाचता येतं. कुलूप आहे ते एकेका माणसाच्या डेटाला. तिथे हेतू लिहून द्यायचा, संस्थेच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची, मग एनआयएचची समिती ठरवणार. (माझा अर्ज सर्वांत जास्त रेंगाळला तो आमच्याच संस्थेत. असो.) समिती तुमचा हेतू सहभागींच्या संमतीशी ताडून बघते. संमती फक्त मधुमेहाच्या संशोधनापुरती असेल, तर त्या डेटावर स्किझोफ्रेनियाचं काम करता येत नाही. काम अडतं खरं, पण शब्द पाळला जातो.

जाच आहेच. दुसऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्याला फाइल देता येत नाही, त्याने वेगळा अर्ज करायचा. दरवर्षी नूतनीकरण.

पण हे कुलूप उगाच नाही. अनेकांच्या डीएनएच्या मिश्रणातही ठरावीक व्यक्ती आहे का, हे ओळखता येतं, असं 2008 साली होमर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यामुळे एनआयएचने लगेच एकत्रित आकडेवारीही, म्हणजे एकेका माणसाची नव्हे तर पूर्ण गटाची जनुकीय आकडेवारी, सर्वांसाठी खुली ठेवणं बंद केलं. धोका पुन्हा तोलून 2018 मध्ये संवेदनशील अभ्यास वगळता ती परत खुली केली. लावलेलं कुलूप काढायची ही तयारी मला फार मोलाची वाटते.

जानेवारी 2025 पासून सर्व्हरच्या सुरक्षेचे निकष कडक झाले. लहान प्रयोगशाळेला ते जड जातात, तरी त्यांचं कारण पटतं. एप्रिल 2025 मध्ये मात्र चीन, रशिया, इराण अशा काही देशांतल्या संस्थांना सरसकट दार बंद झालं. एरवी अर्जदार काय करणार हे बारकाईने विचारणारी व्यवस्था इथे तो कुठे बसतो एवढंच बघते. एक तारा मी इथेच कापला. पाचपैकी चार.

नवख्यांनी हेतू लिहायला घेण्याआधी अभ्यासाच्या पानावरचे संमतीगट, म्हणजे सहभागींनी कोणत्या कामासाठी संमती दिली याचे गट, वाचावेत. आपला विषय त्यात बसत नसेल, तर कितीही छान लिहिलं तरी अर्ज परत येतो.