ट्रायमिथाइलसल्फॉक्सोनियम आयोडाइड: वास नाही, कटकट नाही

सल्फरचं रिएजंट (प्रयोगात वापरायचं रसायन) म्हटलं की आधी नाकाला रुमाल, पण हे पांढरं पावडर बिनवासाचं निघालं. उघड्यावर बिनधास्त वजन करा, मॉलिक्युलर वेट 220 आहे, हिशोब सोपा. फक्त उजेडात ठेवू नका, आयोडाइड आहे, पिवळं पडतं. माझी बाटली आली तेव्हाच जरा पिवळसर होती, विकणाऱ्याला फोटो पाठवला तर उत्तरच नाही, म्हणून एक स्टार कट.

आता काम. यात सोडियम हायड्राइड (जोरदार बेस) आणि डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, द्रावक) घातलं की हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि इलाइड (शेजारशेजारच्या अणूंवर धन आणि ऋण भार असलेला रेणू) तयार, हेच कोरी-चायकोव्हस्की रिएजंट, 1960 च्या दशकातलं. साध्या कीटोनवर इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं कडं) मिळतो, पण खरी गंमत इनोनवर (कार्बोनिलला, म्हणजे C=O ला, लागून डबल बाँड असलेला कीटोन), कारण तिथे हे कार्बोनिलला हात न लावता डबल बाँडवर जातं आणि सायक्लोप्रोपेन (तीन कार्बनचं कडं) देतं. कार्वोन या इनोनवर करून बघा, सुंदर होतं. याचा सल्फोनियमवाला भाऊ (ट्रायमिथाइलसल्फोनियम आयोडाइड) त्याच कार्वोनचा इपॉक्साइड करतो, शिवाय त्याचा इलाइड नाजूक, थंडीतच वापरावा लागतो आणि मागे डायमिथाइल सल्फाइडचा सडक्या कोबीसारखा वास सोडतो, शेजारच्या बेंचवाले शिव्या घालतात ते वेगळंच. इथे मागे उरतं फक्त डीएमएसओ, पाण्याने धुतलं की गेलं.

एकच सांगतो, सोडियम हायड्राइड आणि डीएमएसओ एकत्र तापवू नका, मोठ्या स्केलवर तर अजिबातच नाही, स्फोट झालेत. मी आता हायड्राइडऐवजी पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड हा बेस वापरतो, झोप शांत लागते. चार स्टार.