खिडकीतल्या एसीचं पाणी घरात: उतार, सर्व्हिसिंग, गॅस की नवीन मशीन?

एसी गार हवा चांगली देतोय, पण खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी भिंतीवरून उतरतंय आणि रात्री खाली बादली लावून झोपावं लागतंय. अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात. शेजारी म्हणतात उतार बघा, एक मेकॅनिक म्हणतो सर्व्हिसिंग करा, दुसरा म्हणतो गॅस संपलाय, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, हा काढून स्प्लिटच बसवू. चारही उपाय खरे आहेत, पण ते चार वेगळ्या बिघाडांवरचे आहेत. चुकीचा निवडला की पैसे जातात आणि बादली तिथेच राहते.

हे पाणी कुठून येतं ते आधी बघू. खोलीच्या बाजूला थंड कॉइल असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसं दमट हवेतलं पाणी या कॉइलवर धरतं, खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथून पन्हाळीसारख्या वाटेने मागे जातं. मागच्या पंख्याला बऱ्याच मशीनमध्ये एक कडं असतं. ते साठलेल्या पाण्यात बुडून पाणी गरम कॉइलवर उडवतं, त्यामुळे ती कॉइल लवकर निवते. म्हणजे मागे थोडं पाणी साठणं किंवा छप छप आवाज येणं हा बिघाड नाही. जास्तीचं पाणी ड्रेनमधून बाहेर पडतं.

मुंबई-ठाण्यात, कोकणात किंवा गोव्यात दीड टनी मशीन दमट रात्री तासाला लिटर-दोन लिटर पाणी काढू शकतं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ट्रे जेमतेम ओला होतो. त्यामुळे तिकडे ड्रेन उन्हाळाभर तुंबलेलं असलं तरी कळत नाही. जूनअखेर हवा बदलली की गळती सुरू होते आणि वाटतं पावसाचंच पाणी शिरलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं एकच: मेकॅनिकला फोन करण्याआधी एक रात्र फक्त लक्ष ठेवा, पाणी कधी पडतं ते बघा. एसी लावल्यावर अर्ध्या-एक तासात गळती सुरू होते आणि गारवा ठीक आहे? मग उतार किंवा ड्रेन. रात्री उशिरा गारवा कमी होत जातो आणि सकाळी एसी बंद केल्यावर एकदम भसकन पाणी येतं? मग कॉइलवर बर्फ धरतोय. एसी बंद असतानाही पावसात ओल येते? मग चौकटीभोवतीची फट बुजवा, मशीनला हात लावायची गरजच नाही.

उतार आणि ड्रेन: खर्च जवळजवळ शून्य

विंडो एसीची मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित खाली हवी. साधारण पाव ते अर्धा इंच पुरतो. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत माप दिलं असेल तर तेच धरा. फार उतार दिला तर पाणी मागे साठत नाही आणि ते कडं कोरडंच फिरतं.

आमच्या घरी नेमकं इथेच चुकलं होतं. रंगकामासाठी एसी काढून पुन्हा बसवला आणि पंधरवड्यात भिंतीवरचा नवा रंग पोपडे धरू लागला. आलेल्या मेकॅनिकने पुढची जाळीही न काढता गॅस कमी असल्याचं सांगितलं, भरला, पैसे घेतले. आठवड्याभरात पाणी पुन्हा सुरू. शेवटी आमच्या इमारतीतल्या एका काकांनी गवंड्याची पाणसळ आणून एसीच्या डोक्यावर पुढून मागे ठेवली. बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन थांबला, म्हणजे मशीन आत, खोलीकडे झुकलेलं होतं. पुढच्या बाजूखाली लाकडी पाचर ठोकली आणि त्याच रात्री गळती थांबली. मला अजूनही वाटतं, ती पाणसळ आधी ठेवली असती तर गॅसचा खर्च वाचला असता.

पाणसळ नसेल तर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवूनही अंदाज येतो. उतार बरोबर असेल तर ड्रेन बघा. ट्रेमधली धूळ आणि पाणी मिळून जेलीसारखा चिकट गाळ होतो, तो वाट बुजवतो. बाहेरच्या पाइपात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलंही सापडतं. विजेचा प्लग काढून, पुढची जाळी उतरवून, मऊ ब्रश आणि कोमट साबणाच्या पाण्याने जितकं पोचेल तितकं साफ करा. मग पेलाभर पाणी हळूच ट्रेमध्ये सोडा. ते मागून बाहेर पडलं की वाट मोकळी झाली. ड्रेनच्या भोकाला रबरी बूच असेल तर आपल्या किनारपट्टीच्या हवेत ते काढून पाइप लावणंच बरं.

दोन गोष्टी मात्र करू नका. ट्रेला नवीन भोक पाडू नका, कारण गॅसच्या नळीला ड्रिल लागलं तर शंभर रुपयांचं काम हजारोंवर जातं. आणि वरच्या मजल्यावर एकट्याने मशीन ओढू नका. दीड टनी एसी पन्नास किलोच्या आसपास असतो आणि खाली माणसं चालत असतात.

सर्व्हिसिंग

बर्फ धरत असेल तर आधी फिल्टर धुवा. हवा अडली की कॉइल गोठते. फक्त फॅनवर तास-दोन तास चालवून बर्फ वितळू द्या, धुतलेला फिल्टर लावा आणि पुन्हा बघा. तरीही बर्फ आला, किंवा दोन-तीन वर्षं मशीन उघडलंच नसेल, तर सर्व्हिसिंगला पर्याय नाही. पण 'सर्व्हिसिंग' हा शब्द दोन कामांना वापरतात. एकात जागेवरच ब्रश आणि पाणी मारतात. दुसऱ्यात मशीन चौकटीतून बाहेर काढून, मोटर आणि वायरिंग झाकून जेट पंपाने दोन्ही कॉइल आणि खालचा तळ धुतात. गळतीसाठी बोलावत असाल तर हे दुसरं कामच करायला सांगा आणि दर ठरवताना ते स्पष्ट बोलून घ्या. मागच्या कोपऱ्यातला गाळ जागेवरून निघत नाही. मशीन बाहेर काढलं की तळाला गंज लागून भोक पडलंय का हेही तेव्हाच दिसतं. भोक लहान असेल तर गंज घासून, कोरडं करून एम-सील लावा, एखाद-दोन मोसम निघतात.

गॅस

गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत असतो आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. म्हणून 'दरवर्षी थोडा भरावा लागतो' असं कुणी म्हणालं तर ते काम देऊ नका. गॅस कमी असल्याची खूण म्हणजे गारवा मंद आणि कॉइलच्या एका भागावरच बर्फ, बाकीची कोरडी. हवा अडल्याने धरणारा बर्फ बहुधा सगळीकडे पसरतो. गळती शोधून, झाळून, दाब तपासून, व्हॅक्यूम करून मगच भरणारा माणूस शोधा. मशीनवरच्या पट्टीवर गॅसचं नाव असतं, जुन्यांवर आर-२२, नव्यांवर बहुतेक आर-३२. तोच भरायला हवा. आर-३२ पेट घेऊ शकतो, तेव्हा झाळकाम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा. गारवा पूर्वीसारखाच असताना नुसत्या पाण्यासाठी गॅस भरणं हा या चारांतला सर्वांत वाया जाणारा खर्च आहे.

नवीन मशीन

कॉइलच गळत असेल, तळ चाळणीसारखा झाला असेल आणि मशीन दहा-बारा वर्षांचं असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत असं मला वाटतं. आर-२२ च्या मशीनबाबत तर नक्कीच, कारण तो गॅस भारतात टप्प्याटप्प्याने बंद होतोय. पण गळतीला कंटाळून स्प्लिट घेत असाल तर थांबा. स्प्लिटच्या आतल्या युनिटलाही ट्रे असतो, बारीक ड्रेन पाइप असतो आणि त्यातही तोच गाळ साठतो. शिवाय तो पाइप भिंतीतून नेताना मध्ये कुठे वर चढवला तर पाणी सोफ्यावर येतं. स्प्लिट आवाजासाठी घ्या, खिडकी मोकळी हवी म्हणून घ्या. भाड्याचं घर असेल आणि वर्षा-दोन वर्षांत हलायचं असेल तर विंडोच सोयीचा, कारण काढून नेताना गॅसच्या नळ्या सोडवाव्या लागत नाहीत.

आणि पुन्हा विंडोच घेणार असाल तर डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी सुताराला बोलवा. जुनी लाकडी चौकट इतके दिवस पाणी पिऊन पुढून खचलेली असते. तिची खालची पट्टी बदलून, पाणसळ लावून, मागे उतार देऊनच त्याला जाऊ द्या.